आढ्याखालची वाट

दिवा राहू दे चालू, तनिषा. आणि कुश, हसायचं तर आत्ताच हसून घे. ही गोष्ट आमच्या शशी डॉक्टरांची, तिकडे विलायतेत हाउन्सलोतली. त्यांनी ती मला एकदाच सांगितली. पुन्हा विचारलं की विषय बदलतात.

गेल्या ऑक्टोबरात घड्याळं तासभर मागे गेली, त्या रविवारची संध्याकाळ. सहाच वाजले होते, पण बाहेर मिट्ट काळोख. डॉक्टर शेजारणीचा डबा परत करायला निघाले होते. साधं काम. फक्त शेजारीण, मिरियमबाई, उन्हाळ्यातच वारल्या होत्या.

मिरियमबाई भायखळ्याच्या ज्यू. मराठी इतकी खणखणीत, की डॉक्टर त्यांच्याशी बोलायला निमित्तं शोधत. डॉक्टरांची बायको, आमच्या अनुराधाकाकू, गेल्या आणि घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, तसंच झालं. येणारी-जाणारी माणसं आटली. उरल्या एकट्या मिरियमबाई. त्यांच्या प्रेषिताच्या, एलियाहू हनाबीच्या, नावाने गोड पोह्यांचा मलिदा केला की कुंपणावरून डबा यायचाच. शेवटचा डबा डॉक्टरांकडेच राहिला होता.

आता त्यांचं घर विकलं गेलं होतं, दाराला कुलूप. पण त्या जुन्या ओळीतल्या दोन्ही घरांचं छप्पर एकच, आणि लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, मधे भिंतच नाही. छप्पर दुरुस्त करणारा ऍलन म्हणाला होता, "डॉक, ही गॅप उद्या विटांनी बंद करतो. फायर सेफ्टीसाठी मधे भिंत हवीच." तो रिज, राफ्टर, जॉइस्ट दाखवत होता आणि डॉक्टर मनात आढं, वासे, तुळया म्हणत होते. बरोबर की चूक, हे विचारायला आता कोणी नव्हतं.

म्हणजे आज नाही तर कधीच नाही. रिकामं भांडं परत देऊ नये, म्हणून त्यांनी डब्यात साखर घातली आणि टॉर्च घेऊन शिडी चढले.

तुळयांवरून रांगत ते पलीकडे गेले. मिरियमबाईंच्या पाण्याच्या टाकीशेजारी डबा ठेवला. आणि निघताना, आपण सगळेच म्हणतो तसं, सवयीने तोंडून गेलं,

"येतो हं, मिरियमबाई. या एकदा घरी."

बोलले आणि जीभ चावली.

कौलांवरचा वारा थांबला. खाली, बंद घरात... काहीच नाही.

मग डब्याचं झाकण वाजलं.

डॉक्टर वळले. रांगू लागले. मागे... हळूहळू... गुडघे दुखणारं माणूस येतं तसं... थांबत, थांबत...

ते थांबले. मागचंही थांबलं.

"मिरियमबाई?"

...

मागे वळून पाहायचा धीर झाला नाही. कसेबसे शिडी उतरले. पण वरची झडप उघडीच ठेवली.

"अहो, लावून का नाही घेतलीत?" मी विचारलं.

"कोणी वर अडकलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले.

सकाळी ऍलन विटा घेऊन वर गेला आणि त्याने हाक मारली.

"डॉक, काल तुमच्याबरोबर कोण होतं?"

तुळयांच्या मधल्या इन्सुलेशनच्या मऊ थरावर पावलं उमटली होती. अनवाणी, लहानशी. तिथे पाय दिला तर माणूस सीलिंग फोडून खाली बेडरूममध्येच पडेल. पावलं पलीकडून इकडे आलेली. परत जाणारं एकही नव्हतं.

ऍलन विटेवर हात ठेवून उभा होता. "भिंत बांधू ना?"

डॉक्टरांनी त्या पावलांवरून नजर आपल्या घराच्या उघड्या झडपेपर्यंत नेली.

"बांध," ते म्हणाले.