नायिकेची जड पावले

स्टुडिओच्या जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली आणि तिच्या पिशवीतले चपला-बुटांचे नऊ जोड पायऱ्यांवरून घरंगळत गेले. त्याने ते एकेक उचलून जुळवून दिले. एकही जोड चुकला नाही. तो नव्याने आलेला संकलक होता. ती चित्रपटांसाठी पावलांचे आवाज काढत असे.

दोघे आता ज्या भयपटमालिकेवर काम करत होते, तिच्या पहिल्या दोन भागांत भूत कधी दिसलेच नव्हते. ऐकू यायची ती केवळ त्याची पावले, आणि ती तिची असत. तिसऱ्या भागात मात्र दिग्दर्शकाने भूतच काढून टाकले. आता होती एक देखणी नायिका, तिचा विरह आणि पुष्कळ ऊन. पडद्यावर नायिका चालेल, तसे ध्वनिकक्षात चालायचे, एवढेच काम उरले.

संकलकासोबतचा दुपारचा चहा रोजचा झाला. त्याच्या बोलण्यात आपल्यासाठी काहीतरी अडखळते आहे, असे तिला वाटू लागले होते… पण दर आठवड्याला तो जोडून पाठवी त्या नव्या प्रतीत नायिकेचे चालणे लांबतच होते. गच्चीचे सात सेकंदांचे दृश्य बावीसवर गेले. इतका वेळ कोणी कोणाला उगाच पाहत नाही. त्या संध्याकाळी घरी तिने भांडी आदळली. थोरली बहीण शांतपणे म्हणाली, की हे चित्रपटासाठी असेल तर ठीक, एरवी पातेले माझे आहे.

दुसऱ्या दिवशी तिने नाजूक चपला बाजूला सारल्या, खाणकामगाराचे बूट चढवले आणि नायिकेला गच्चीभर चालवले.

ते ऐकून तो खाली आला.

“बाईंचं वजन एका रात्रीत वाढलं?”

“तुम्हीच बघा. तुमची नजर हटत नाही ना तिच्यावरून.”



“भूत गेलं आणि तुमचं काम चार मिनिटांवर आलं. तेवढ्यासाठी आधीच मुद्रित केलेले तयार आवाज वापरू, असं दिग्दर्शक म्हणत होते. म्हणून ती चालते तिथलं कापलेलं मी पुन्हा जोडत गेलो. ती चालत राहिली, तर तुम्ही येत राहाल…” त्याने मान खाली घातली. “आणि मी बघत नाही तिला. डोळे मिटून ऐकतो.”

“चित्रपट रटाळ होईल.”

“झालाच आहे.”

तिने बूट काढले. त्यालाही काढायला लावले. यंत्र सुरू केले.

पडद्यावर नायिका एकटीच गच्चीवरून चालली होती. खाली अनवाणी पावले मात्र दोघांची पडत होती. ते ध्वनिमुद्रण अर्थातच वापरता येण्याजोगे नव्हते—पण तिने ते पुसलेही नाही.