रेघ ओलांडणाऱ्या पेशी

‘दारी ओढिते मी रेघ, भीती राहू दे बाहेर;
माझ्या पाखराच्या डोळा, झोप येऊ दे अलवार.’

आई गेली तेव्हा मावशीनं भाचीला असं गाऊन निजवलं होतं. त्या आवाजाच्या उबेत भाची वाढली, पुढे मावशीच्याच प्रयोगशाळेत कामाला लागली. आज सकाळी तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

काचेच्या बशीत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी होत्या. त्यांच्या थरातून तिनं काल एक रेघ ओरखडली होती. हार्मोन मिळालं की या पेशी पसरतात, रेघ बुजवून टाकतात. या बशीतल्या द्रवात हार्मोन नव्हतंच. तरी रेघ बुजली होती.

मावशीच्या स्तनातून काढलेली गाठ याच जातीची. तेव्हापासून ती हार्मोन बंद पाडणारी गोळी घेत होती. उपाशी पेशीही अशा चालू लागल्या, तर त्या गोळीचा भरवसा काय?

भाचीनं तंत्रज्ञाला गाठलं. त्याला सगळे पेंगुळ म्हणत.

“द्रवात काही मिसळलंस?”

“ताई, मी चहात साखर घालायला विसरतो. हार्मोन कुठून घालू?”

“द्रवाच्या बाटल्या कुणी उघडल्या?”

“डावीकडच्या बशांची बाटली मी, उजवीकडच्यांची बाईंनी, तुमच्या मावशीनं.”

सगळ्या बशांतला द्रव एकाच वेळी बनवलेला. डावीकडच्या रेघा कोऱ्या. उजवीकडच्या साऱ्या बुजलेल्या.

“बाई हातमोजे घालतात?”

“छे! मोज्यात बोटं आंधळी होतात म्हणे. स्पिरिट चोळतात, झाकण करंगळीत धरतात. पण हल्ली स्वारी खुशीत असते हं. पंख्यावरून भांडण नाही, घाम पुसणं नाही.”

गोळी सुरू झाल्यापासून मावशीच्या अंगाची लाही व्हायची. ती अचानक थांबली कशी?

मावशीच्या खोलीत शिरून भाचीनं दार लोटलं.

“मावशी, हात दाखव.”

“भविष्य सांगतेस की काय?”

“चोर सांगते. हार्मोन तुझ्या हातून गेलं.”

“काहीतरीच! स्पिरिटनं हात पुसते मी.”

“स्पिरिटनं जंतू मरतात, हार्मोन मरत नाही. उलट ते स्पिरिटात विरघळतं, हातभर पसरतं. झाकणाची आतली कड तुझ्या तळव्याला घासते, तेच झाकण परत बाटलीवर बसतं. या पेशींना कणभरही पुरतो. तू हार्मोनचं मलम लावतेस. म्हणून तुझी लाही थांबली.”

मावशीनं बाह्या हळूच खाली ओढल्या.

“मैत्रिणीनं दिलं. सांधे धरायचे गं, डोळ्याला डोळा लागायचा नाही. चार दिवस तरी माणसासारखं जगू दे म्हटलं.”

“आणि गोळी?”

मावशीनं टेबलावरचे कागद सारखे केले.

“मावशी, गोळी?”

“सोडली.”

“तुला कळत नाही? जन्मभर हेच तर शिकवलंस आम्हाला! बशीत जे झालं ते तुझ्या अंगात...”

मावशीनं भाचीचा हात ओढून घेतला आणि स्वतःच्या काखेत दाबून धरला.

“इथे गाठ लागतेय. महिना झाला. तुला कसं सांगू, तेच कळत नव्हतं.”