आईच्या फोल्डरचा खरा पत्ता

"माझ्या भावानं गुन्हा कबूल केलाय," ती मुलगी म्हणाली, "आणि माझा त्यावर काडीचाही विश्वास नाही."

वहिनींनी चहाचा कप बाजूला ठेवला. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे आपले भाऊजी, खुर्ची पुढे ओढून बसले. वहिनी खासगी तपास करायच्या आणि भाऊजी त्यांच्याबरोबर हिंडायचे. आपलं डोकं जरा सावकाश चालतं, हे ते स्वतःच सांगत.

मुलीची आई अंध मुलांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची. ती गेली, आवाज तेवढा मागे राहिला. वडील तो रोज ऐकायचे. मागच्या आठवड्यात सगळी रेकॉर्डिंग्ज नाहीशी झाली. भाऊ म्हणाला, "मी पुसली." तेव्हापासून वडील त्याचं तोंड पाहायला तयार नव्हते.

"पुसलेलं परत मिळत नाही का?" भाऊजींनी विचारलं.

"जाणकारांना दाखवलं. काही उरलं नाही. जुना कॉम्प्युटर तर बाबांनी आधीच भंगारात दिला."

वहिनी आणि भाऊजी तिच्या घरी गेले. भाऊ प्रोग्रॅमर होता. बरेच दिवस झोपला नसावा.

"कसं पुसलंत?" वहिनींनी विचारलं.

"फोल्डर निवडला, डिलीट केला. जागा हवी होती."

"अख्खा फोल्डर?"

"अख्खा."

वडील आतल्या खोलीत पडद्यासमोर बसून होते. "हा नवा कॉम्प्युटर वेगळ्या कंपनीचा आहे," ते म्हणाले. "जुन्यावरचं सगळं मीच इकडे आणलं, कुणाची मदत घेतली नाही. पोरानं साफसफाईसाठी लिहिलेली हुकमांची यादी, ती शेल स्क्रिप्टसुद्धा. चालवली, काम फत्ते."

"ती काय साफ करते?"

"'फुटकळ' नावाच्या फोल्डरमधले सगळे फोल्डर आतून रिकामे करते. हिच्या रेकॉर्डिंगची लिंकही मी तिथंच ठेवलीय, पटकन सापडावी म्हणून. बघा, अजून आहे."

आईचा फोल्डरही जागेवर होता. आत मात्र काहीच नव्हतं. वहिनींनी स्क्रिप्ट वाचली आणि तिच्यातली एक ओळ टाइप करून पाहिली. उत्तर म्हणून नुसती कोरी ओळ आली.

"कॉम्प्युटर अडकला वाटतं," भाऊजी म्हणाले. वहिनींनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं.

"फोल्डर निवडून डिलीट केला असता, तर तो उरलाच नसता," त्या म्हणाल्या. "पुसणारा लिंकवाटे आत शिरला. या घरात तसं काम करणारी एकच गोष्ट आहे, ती स्क्रिप्ट."

"ताई, नका ना," मुलगा म्हणाला.

"तुमचं खोटं चांगल्या मनाचं आहे. पण त्यापायी यांचा मुलगाही जातोय." वहिनी वडिलांकडे वळल्या. "लिंक म्हणजे वाटेवरची पाटी. तुम्ही अशा पाट्या कुठेही ठेवता, हे याला ठाऊक होतं. म्हणून याची स्क्रिप्ट काहीही पुसण्याआधी कॉम्प्युटरला विचारते, ही वाट शेवटी पोचते कुठे? पूर्ण पत्ता आईच्या फोल्डरचा निघाला तर हात लावायचा नाही. जुन्या कॉम्प्युटरवर तो एका हुकमात मिळायचा. नव्याला तो हुकूमच कळत नाही, आणि त्याची तक्रार स्क्रिप्ट दाबून टाकते. उत्तर आलं कोरं. कोरं म्हणजे आईचा पत्ता नव्हे, म्हणून पुसलं."

"मग दोन्हीकडे चालेल असं लिहायचं कसं?" भाऊजींनी विचारलं.

"एकेक पाटी वाचत पुढं जायचं," मुलगा म्हणाला. "शेवटच्या फोल्डरमध्ये शिरून विचारायचं, मी कुठे आहे? हे सगळीकडे चालतं. उत्तर कोरं आलं तर थांबायचं. मी माझ्या कॉम्प्युटरपुरतं लिहिलं. चूक माझीच आहे."

"पण चालवली मी," वडील म्हणाले. "मला का नाही सांगितलंस?"

"आईला हॉस्पिटलात उशिरा नेलं म्हणून तुम्ही अजून स्वतःला बोल लावता, बाबा. हे आणखी कसं झेपलं असतं?"

वडिलांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "ती मला हाक कशी मारायची? करून दाखव."

मुलानं घसा साफ केला. "अहो, ऐकलंत का? पान वाढलंय." पुढं त्याला बोलवेना. "तिच्यासारखं नाही आलं, बाबा."

"नाही आलं," वडील म्हणाले, आणि उठून त्याच्याशेजारी जाऊन बसले. "परत म्हण."