पाच सेकंदांची शांतता

भूममध्ये आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी कुलदीपला मान वर करायला फुरसत नसे. रिक्षावर कर्णा बांधून गावोगाव ज्या जाहिराती फिरतात, त्यातल्या निम्म्याशिम्म्या त्याच्याच आवाजात. साड्यांचा सेल म्हणा, जत्रेतल्या कुस्त्या म्हणा, कुणाच्या निधनाची वार्ता म्हणा, सगळं तो आतल्या खोलीत, खिडकीला जुनी गोधडी ठोकून, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करी.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तो भांड्यांच्या दुकानाची जाहिरात करायला बसला. साधंच काम. बटण दाबलं की आधी पाच सेकंद गप्प बसायचं, ही त्याची पहिल्यापासूनची रीत. त्या रिकाम्या पाच सेकंदांत खोलीतली जी काही खरखर सापडते, ती कॉम्प्युटरला नमुना म्हणून दाखवायची आणि सांगायचं, एवढी सगळीकडून काढून टाक. मग आवाज कसा धुऊन काढल्यासारखा निघतो.

पाच सेकंद झाले. "या, या, या! स्टीलची भांडी किलोवर!" त्यानं ऐकून पाहिलं, तर मागं घूं लागलेली. बारीक, एकसुरी, डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखी.

पंखा बंद केला, ट्यूब बंद केली. मोबाईल बाहेर नेऊन ठेवला, माईकची वायर बदलली. घूं काही हटेना. शेवटी वैतागून त्यानं मेन स्विचच खाली ओढला. कॉम्प्युटर तेवढा बॅटरीवर राहिला. असली घूं विजेची असते; वीज गेली की तिनंही जायला हवं. त्यानं पुन्हा रेकॉर्ड केलं. घूं होतीच, उलट जरा जवळ आल्यासारखी वाटली. आणि ही घूं कुलदीपच्या ओळखीची होती.

मागच्या चैत्रात अशीच लागली होती. तेव्हा कारण सापडलं होतं. खिडकीबाहेर, मागच्या अंगणात लोखंडी कूलर होता. त्याची अर्थिंगची वायर आणि कॉम्प्युटरची वायर एकाच खड्ड्यात उतरलेली, म्हणून कूलरची घरघर माईकमध्ये शिरत होती. कुलदीपनं कूलरची तेवढी वायर सोडवली. पत्र्यात करंट उतरला तर तो जमिनीत नेणारी हीच वायर, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दहाच मिनिटांचा तर प्रश्न होता.

त्याची बायको हर्षाली या बाबतीत त्याच्याहून दक्ष. भूमच्या कोरड्या जमिनीत ओलीशिवाय अर्थिंग चालत नाही, म्हणून रोज सकाळी ती त्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यात धुण्याचं पाणी आठवणीनं ओतायची, आणि तेही नळ आठ दिवसांनी येणाऱ्या गावात! त्या दिवशी कूलरमध्ये पाणी भरायला ती निळी बादली घेऊन निघाली आणि दारातून तिनं विचारलं, "वायर लावली का वो?" कुलदीपचं रेकॉर्डिंग चालू होतं. तोंडातून शब्द काढला असता तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं. त्यानं नुसती होकारार्थी मान हलवली.

पुढचं सांगवत नाही. लोक गोळा व्हायच्या आत त्यानं वायर परत जोडली. कूलरच खराब होता, असं सगळे म्हणाले आणि त्यानं त्यांना म्हणू दिलं. कूलर आणि ती बादली दोन्ही त्यानं भंगारात देऊन टाकली. वायरीची गोष्ट मात्र वर्षभर एकट्यानं पोटात ठेवली.

दोन दिवसांनी तिचं वर्षश्राद्ध होतं. त्यासाठी हर्षालीची आई द्वारकाबाई कालच तेरखेड्याहून आल्या होत्या. कुलदीप त्यांना मामी म्हणे. आल्या आल्या त्या म्हणाल्या होत्या, "जावईबापू, फोटू लई हायती तिचे. आवाज न्हाय वो एकबी. तुमच्या या डब्यात साऱ्या तालुक्याचा आवाज हाय, माझ्या लेकीचाच न्हाय व्हय?"

"न्हाय, मामी," तो खाली बघून म्हणाला होता. खोटं बोलला होता. त्या दिवशीची मूळ फाईल त्यानं पुसली नव्हती. पण तिच्यात हर्षाली जे विचारत होती, ते तिच्या आईला ऐकवायचं कसं?

काढून टाकलेली खरखर तेवढीच वेगळी ऐकवायलाही कॉम्प्युटरला सांगता येतं. कुलदीपनं आता तेच केलं. हेडफोन कानाला लावले. घूं... घूं... आणि तिच्या पार तळाशी, बादलीच्या वजनानं धाप लागलेला आवाज.

"वायर लावली का वो?"

ही जुनी फाईल नव्हती. आत्ता, दोन मिनिटांपूर्वी केलेलं रेकॉर्डिंग होतं. त्यानं तिसऱ्यांदा केलं. त्याच पाच सेकंदांत तोच प्रश्न, आणि नंतर नुसती घूं, कुणी उत्तरासाठी थांबून राहावं तशी. कुलदीपला भीतीपेक्षा रडूच जास्त येत होतं. वर्षभर या आवाजासाठी तो आसुसला होता, आणि आवाज आला तो हे विचारायला.

त्यानं चौथ्यांदा बटण दाबलं. बंद खोलीत भिजलेल्या कोळशाचा वास आला. या वेळी त्यानं जाहिरात म्हटली नाही. माईकशी तोंड नेऊन हळूच बोलला, "न्हाय... न्हाय लावली."

"काय न्हाय लावली, जावईबापू?"

दारात द्वारकाबाई उभ्या होत्या, हातात ज्वारी पाखडायचं सूप.

कुलदीपनं सगळं सांगितलं. त्यांच्याकडं न बघता, एका दमात. द्वारकाबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या. सूप कलंडलं, ज्वारी खोलीभर पसरली. मग त्या म्हणाल्या, "ऐकवा मला."

त्यानं कॉम्प्युटरचे छोटे स्पीकर लावले. घूं आली. प्रश्न आला. द्वारकाबाईंनी पदर तोंडावर दाबून धरला. मग कुलदीपचा स्वतःचा आवाज आला, "न्हाय लावली."

"बरं," हर्षाली म्हणाली. रोजच्यासारखं, सहज. पाठोपाठ भरलेली बादली जमिनीवर टेकली, तिची कडी खळकन पडली, आणि घूं थांबली.

"खाली ठिवली तिनं," द्वारकाबाई पुटपुटल्या. "एवढंच सांगायचं व्हतं वो तुमी... लई ऐकायची तुमचं."

कुलदीपला तिथं बसवेना. तो उठला आणि खिडकीवरची गोधडी ओढून काढली. बाहेर लख्ख ऊन होतं. नळ येऊन सहा दिवस झाले होते. घरात पिण्याच्या दोन घागरींपलीकडं पाणी नव्हतं. कूलरच्या जागी नुसत्या चार विटा उरल्या होत्या. त्या विटांजवळ निळी बादली ठेवलेली होती, काठोकाठ भरून. तिच्यातलं पाणी अजून हलत होतं.