खरंच पुसायचं का?

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. पण हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि तिला खोटं बोलताच येत नाही.

रविवारची भर दुपार. ऑफिसात ती आणि एक सहकारी, बाकी सगळं रिकामं.

ती आणि तिचा थोरला भाऊ, दोघं तिथे शेजारी शेजारी बसून सर्व्हर सांभाळायचे. दादाला एक खोड होती. कॉम्प्युटरच्या साध्या कमांडवर तो आपलं छोटंसं फंक्शन, म्हणजे स्वतः लिहिलेला चिमुकला प्रोग्रॅम, चढवायचा, उशीवर अभ्रा चढवावा तसं. फाइल पुसायची ‘आरएम’ कमांड एरवी काही विचारत नाही, सरळ पुसून मोकळी होते. दादाचं फंक्शन आधी विचारायचं, ‘खरंच पुसायचं का?’ हो म्हटलं तरी फाइल गुपचूप बाजूच्या एका फोल्डरमध्ये ठेवून द्यायचं.

तिनेही एकदा तसं लिहून पाहिलं. पण तिचं फंक्शन मूळ कमांडऐवजी स्वतःलाच बोलावत सुटलं आणि मशीन बंद पडलं! दादा पोट धरून हसला. "चिमणे, स्वतःलाच हाका मारत बसलीस होय गं!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत दादा गेला. झोपेतच.

साहेबांनी सांगितलं, सोमवारच्या आत त्याचा फोल्डर पुसून टाका. घरी काही न्यायची परवानगी नव्हती. परक्याचा हात नको म्हणून तिने ते काम मागून घेतलं खरं, पण तिचं मन धजेना. हे गेलं की दादाचं इथे काहीच उरणार नव्हतं.

शेवटी ती कोऱ्या मशीनवर बसली. दादाचं एकही फंक्शन त्यावर नव्हतं, पण सर्व्हरवरचा त्याचा फोल्डर तिथूनही उघडायचा. कमांड लिहिली. एंटर दाबलं...

‘चिमणे, खरंच पुसायचं का?’

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

‘चिमणे’ हे दादाने फंक्शनमध्ये कधीच लिहिलं नव्हतं.

"पैलवान, इकडे ये रे!"

पैलवान म्हणजे तिचा सहकारी, फुंकर मारली तर उडेल असा. त्याने तपासलं, आणि त्याचा चेहराच उतरला.

"अगं, इथे फंक्शनच नाहीये. नुसती कमांड आहे."

तिने लिहिलं, ‘नको.’

कर्सर लुकलुकत राहिला... बराच वेळ...

‘मग आधी जेवून घे.’

ती ढसाढसा रडली. दादा गेल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता हो.

पैलवानाने तिला हाताला धरून बाहेर नेलं. खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. ती रडत रडत, पण पोटभर जेवली.

दोघं परत आले...

फोल्डर नव्हता.

बाजूला कुठे ठेवलाय का, तिने सगळीकडे धुंडाळलं. काही नाही.

"दादा, निदान मला विचारायचंस तरी रे!" ती स्क्रीनवर ओरडली.



कुणी पुसलं, ते आजवर कळलेलं नाही. मला विचाराल तर, तिला ते करावं लागू नये म्हणून त्यानेच... जाऊ दे. मला अजूनही बोलवत नाही. ती मात्र त्याच्यावर रागावलेलीच आहे. त्याचा विषय निघाला की उठून आत जाते.