पाणी विकणारी अफाफ

"राहू दे! या घरचं पाणी मला नको."

नझीहनं पेला मनगटानंच दूर सारला, पाणी मेजावरच्या पांढऱ्या कापडावर सांडलं, आणि अफाफ हातात जग धरून तशीच उभी राहिली... ओठांवर आणलेलं हसू आता कुठं ठेवावं, हे न कळून! वीस वर्षांनी भाऊ दारात आला होता. त्याच्यासाठी सकाळपासून बसून तिनं द्राक्षाच्या पानांच्या भात भरलेल्या गुंडाळ्या वळल्या होत्या, एकेक करंगळीएवढी, कारण लहानपणी जाड गुंडाळी दिसली की "ही आजोबांची बोटं मी खाणार नाही!" म्हणून तो ताट ढकलायचा. त्या करंगळ्यांतल्या निम्म्या त्यानं आत्ताच संपवल्या होत्या. आईच्या मागं जिनं आपल्याला वाढवलं तिच्या हातची चव जीभ विसरली नव्हती. मन मात्र काहीच विसरायला तयार नव्हतं!

"अरे, हे विहिरीचं नाही रे," अफाफ हळूच म्हणाली. "विहीर कधीच खारट झाली. चहूकडे मनोरे उठले, ज्यानं त्यानं जमिनीत नळ्या खुपसल्या आणि समुद्र आत शिरला. सगळं बैरुत टँकरचं पाणी पितं. हे विकतचं आहे."

"तुला पाणी विकत घ्यावं लागतं?" नझीह कडवट हसला. "देवाच्या घरी न्याय आहे म्हणायचा!"

"नझीह!" त्याची बायको जुमाना ओरडली. ती नझीह आता राहत होता त्या कॅनडातल्या माँट्रियलमध्येच वाढलेली, नणंदेला पहिल्यांदाच पाहत होती. "भांडायचंच असेल तर पोट भरल्यावर भांडा. मी इतकं चांगलं आयुष्यात खाल्लेलं नाही. अफाफ, ते पातेलं इकडे सरकव गं."

अफाफनं पातेलं सरकवलं आणि पाठ फिरवून डोळे टिपले. भाऊ लागट बोलला म्हणून नव्हे... भावजय चांगली निघाली म्हणून! पोराला जपणारं माणूस मिळालं होतं. तिनं देवाकडे दुसरं काय मागितलं होतं?

"उद्या घर घेणाऱ्या कंपनीचा माणूस येईल," नझीह ताटाकडे बघत म्हणाला. "दोघांच्या सह्या लागतील. तुझ्यासाठी चांगला फ्लॅट बघितलाय, लिफ्ट आहे, बाल्कनी आहे. रस्त्यावर राहायची वेळ नाही येणार तुझ्यावर."

"बरं," अफाफ म्हणाली.

तिच्या त्या एका शब्दानं तो आणखीच चिडला. वीस वर्षांपूर्वीही ती अशीच "बरं" म्हणाली होती!

तो वेढ्याचा उन्हाळा होता. शहराचे दोन तुकडे झाले होते, आणि ज्या रेषेवर ते झाले त्या रेषेपासून अफाफचं घर दगड भिरकावला तर पोचेल इतकं जवळ. वीज नव्हती, नळ कोरडे पडले होते, दोन्ही बाजूंच्या तोफा शहरावर आग ओकत होत्या. अशा वेळी अफाफच्या अंगणातली आजोबांच्या काळची विहीर म्हणजे अख्ख्या गल्लीचा प्राण झाली होती. तोफा थोड्या थांबल्या की बायका डबे, पातेली, जे हाताला लागेल ते घेऊन यायच्या, अफाफ स्वतः दोर ओढायची आणि "आधी लेकुरवाळ्या, मग म्हाताऱ्या, मग नटव्या!" असं ओरडून त्या भयाण दिवसांतही सगळ्यांना हसवायची. शेजारची उम्म सलीम, म्हणजे सलीमची आई, म्हणायची, "अफाफ, तू स्वर्गात गेलीस तर तिथंही रांग लावशील!" पुढच्या वसंतात अफाफचं लग्न ठरलं होतं, शाळेत शिकवणाऱ्या हातिमशी. गल्लीतल्या बायकांनी त्या लग्नात कोण काय रांधणार तेही वाटून घेतलं होतं...

आणि एक दिवस चित्र पालटलं. अंगणात बंदूकवाले येऊन बसले. विहिरीला पंप लागला आणि काल फुकट मिळणारं पाणी मोजून विकलं जाऊ लागलं. ते पंप चालवत, पैसे घेत... आणि अफाफ त्यांना कॉफी नेऊन देई! "वाटा आहे तिचा," बंदूकवाल्यांतलाच कुणी तरी हसत म्हणाला, आणि ते वाक्य वाऱ्यासारखं गल्लीभर झालं. उम्म सलीम तिच्या उंबऱ्यावर थुंकली. पोरं मागून ओरडू लागली, "पाणीवाली! पाणी विकणारी अफाफ!" हातिमच्या आईनं साखरपुड्याची अंगठी परत पाठवली. आणि आदल्याच आठवड्यात नाक्यावर पकडला गेलेला, मरणाच्या दारातून परत आलेला तिचा नझीह, तिनं न्हाऊमाखू घालून वाढवलेला एकुलता भाऊ, सगळ्या गल्लीसमोर किंचाळला, "तहानलेल्या पोरांच्या घोटावर पैसे कमावतेस? मेलीस तू मला! जातो मी!"

"बरं," अफाफ म्हणाली होती. "स्वेटर घेऊन जा. समुद्रावर गार असतं."

सायप्रसला जाणाऱ्या बोटीत तो बसला. पुढं वीस वर्षं ईदच्या दिवशी एक फोन, तोही कर्तव्य म्हणून. त्या दोन मिनिटांच्या फोनसाठी अफाफ आदल्या दिवसापासून फोनजवळून हलत नसे!

दुसऱ्या दिवशी सकाळी घर घेणारा माणूस आला. उंची सूट, चंदेरी केस, हातात जपाची माळ. दार उघडताच अफाफ एक पाऊल मागं सरकली. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण ते डोळे... ते ती कशी विसरणार? हा फव्वाझ! नाक्यावरच्या बंदूकवाल्यांचा म्होरक्या फव्वाझ! युद्ध संपल्यावर त्यानं बंदूक ठेवली आणि नकाशे हातात घेतले. ज्या गल्ल्यांवर तो गोळ्या झाडत होता, त्याच गल्ल्या आता तो विकत घेत होता. नझीहनं त्याला ओळखलं नाही. त्याला पकडलं तेव्हा त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती, आणि फव्वाझ अंगणात येऊन बसू लागला तो नझीह निघून गेल्यावर.

"या, बसा," नझीह म्हणाला. अफाफ मुकाट्यानं कॉफी करायला गेली. कॉफी दोनदा उतू गेली. आता हा काही बोलला तर! वीस वर्षं छातीशी धरलेलं...

फव्वाझनं कॉफीचा घोट घेतला आणि मोठ्यानं हसला. "वा! चव तीच आहे. अफाफबाई, तुमच्या हाताला तोड नाही! नझीहसाहेब, खरं सांगतो, तुमच्या बहिणीसारखी व्यवहाराला सरळ बाई मी पाहिली नाही. त्या उन्हाळ्यात माझ्या पोरांनी तुम्हाला उचललं होतं, आठवतंय ना? तरुण पोरं होती, डोकी फिरलेली, तुम्हाला भिंतीशी उभं करणार होती. ही बाई तोफांच्या माऱ्यात एकटी चालत नाक्यावर आली. मी म्हटलं, विहिरीचं थोडं पाणी माझ्या पोरांना देत जा. तर म्हणाली, 'अख्खी विहीर घे, माझा भाऊ दे!' घासाघीस नाही, रडणं नाही. आता जुनीच ओळख आहे, तर घराचंही तसंच उरकून टाकू."



"काय म्हणालात?" नझीहचा आवाज कुठल्या तरी खोल विहिरीतून आल्यासारखा वाटला.

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक नाही?" फव्वाझ एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागला. "कमाल आहे! मला वाटलं, घरातली गोष्ट आहे."

"मला फरीदकाकांनी सोडवलं. त्यांची वर ओळख होती," नझीह पुटपुटला.

"कोण फरीदकाका?"

नझीह उठला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "चालते व्हा."

"अहो, पण किमतीचं बोलणं—"

"त्यांनी सांगितलं ना, चालते व्हा!" जुमानानं त्याच्या हातातला कप काढून घेतला. अर्धी कॉफी त्याच्या उंची सुटावर सांडली.

फव्वाझनं दारात थांबून रुमालानं कोट पुसला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त भीतीदायक होतं. "मागची तिन्ही घरं आमची झाली आहेत. मनोरा उठला की या अंगणात ऊन यायचं नाही. विचार करा."

तो गेला. जुमाना त्या दोघांकडे बघून हळूच स्वयंपाकघरात सटकली.

"खरं आहे?" नझीहनं विचारलं.

अफाफ मेजावरचे कप गोळा करत राहिली.

"अफाफ! खरं आहे का हे? मग त्या फरीदकाकाला मी दरवर्षी मेपलचा पाक कशासाठी पाठवत होतो?"

"त्यांना तो फार आवडतो रे," अफाफ कळवळून म्हणाली. "मीच त्यांना सांगितलं होतं, तुमच्यामुळं सुटला असं सांगा म्हणून. त्यांना का बोल लावतोस? पहिल्या बाटलीला बिचारे लाजले होते."

नझीहला हसू फुटलं आणि त्या हसण्याचाच हुंदका झाला. तो मोठा, टक्कल पडू लागलेला माणूस तिच्या पायाशी बसला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडू लागला. "का नाही बोललीस? सगळ्या गल्लीसमोर मी तुला... तू मेलीस म्हणालो मी! एकदा तरी म्हणायचं होतंस!"

"तुला काय सांगू?" तिनं त्याच्या डोक्यावर हात फिरवला. "तुझ्यासाठी बहिणीनं विहीर दिली हे कळलं असतं, तर त्याच दिवशी तू बंदूक शोधायला गेला असतास. तुला काय मी ओळखत नव्हते? तू रागावून बोटीत बसलास, पण जिवंत बसलास ना? मला तेवढंच हवं होतं. वेड्या, तू मला माती द्यायची की मी तुला?"

"आणि हातिम? त्यालाही नाही सांगितलंस?"

"त्यानं विचारलंच नाही." तिनं अंगठीचं रिकामं बोट चोळलं. "विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं... एकदाच येऊन म्हणाला असता, अफाफ, हे तू केलं नाहीस ना? पण आईच्या हाती अंगठी धाडली त्यानं. मग म्हटलं, जाऊ दे."

नझीहनं मान वर केली नाही. "मीही विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

वीस वर्षांत ही एकच गोष्ट तिच्या अंतःकरणात काट्यासारखी रुतून राहिली होती, आणि आज ज्यानं रुतवली त्यानंच ती उपसली होती. मग तीही रडली. भाऊ बोटीनं निघून गेला तेव्हा रडली नव्हती, अंगठी परत आली तेव्हा रडली नव्हती. ते सगळं आता बांध फुटावा तसं वाहून गेलं, आणि स्वयंपाकघरातून जुमानाचाही हुंदका ऐकू आला.

थोड्या वेळानं नझीह उठला, तोंड धुतलं आणि दाराकडे निघाला.

"कुठं निघालास?"

"गल्लीत. घरोघर जाऊन सांगणार."

"नको रे!" ती धावली. "झालं ते झालं... जाऊ दे, जुनी माणसं उरलीयत किती? उगाच कुणाला खजील करायचं!"

"मी ओरडलो होतो तो सगळ्यांसमोर. आता शब्द मागेही सगळ्यांसमोरच घेणार."

त्यानं पहिलं दार ठोठावलं ते शेजारचं. उम्म सलीम आता काठी टेकत चालायची. वीस वर्षांत तिनं अफाफला कधी सलामही केला नव्हता. गल्लीत गाठ पडली तर भिंतीकडे तोंड करायची. तिनं उभ्यानं सगळं ऐकलं. मध्येच काठी भिंतीला टेकवून ती खाली पायरीवर बसली.

"थांब," ती म्हणाली. "विहिरीसाठी पोरगं पकडलं होतं?"

"विहिरीसाठी नाही, पण सोडलं विहिरीसाठी."

"तसंच ते." म्हातारीनं वर गच्चीकडे पाहिलं. "त्या वेळी माझ्या गच्चीवर पाण्याची टाकी होती. आणि माझा सलीम याच्याच वयाचा होता..." मागं उभ्या असलेल्या अफाफकडे तिनं वीस वर्षांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. "म्हणून गप्प राहिलीस होय तू? पोराच्या बदल्यात पाणी मिळतं हे एकदा पसरलं असतं, तर दुसऱ्या दिवशी माझा सलीम गेला असता. मग समोरच्याचा. मग पलीकडच्याचा..."

अफाफ पदरासारखं घट्ट लपेटलेलं डोक्यावरचं वस्त्र उगाच नीट करत राहिली.

"आणि मी तुझ्या उंबऱ्यावर थुंकले!" उम्म सलीमनं कपाळ बडवून घेतलं. "मेले मी, जळाली माझी जीभ! सलीमची तीन पोरं आत अभ्यास करतायत... तीन गं! अगं सटवे, मला तरी कानात सांगायचं होतंस! तुझी शेजारीण मी, आपण एका ताटात जेवलोय!"

"तुला?" अफाफनं डोळे पुसले आणि ती वीस वर्षांपूर्वी विहिरीवर हसायची तशी खळाळून हसली. "तुला सांगितलं असतं तर दुपारच्या आत ते नाक्यापर्यंत पोचलं असतं!"

उम्म सलीम आधी चपापली. मग नझीह हसला, आतून सलीमच्या पोरी डोकावून हसल्या, आणि म्हातारीही हसता हसता रडू लागली. तिनं दोन्ही हात वर पसरले. अफाफ वाकली, आणि त्या दोघी दाराच्या पायरीवर एकमेकींना कवटाळून कितीतरी वेळ बसून राहिल्या.

"घर विकू नकोस हो," उम्म सलीम तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "त्या मेल्यानं मलाही विचारलंय. तू गेलीस तर मी अबोला कुणाशी धरू?"

"आता बोलायला लाग, मग बघू," अफाफ म्हणाली.