कानाच्या बाईंचं पहिलं वर्ष

घंटी वाजवून वाजवून तिचा अंगठा दुखायला लागला, पण समोरचा माणूस काही बाजूला होईना. धक्क्याकडे जाणारा रस्ता अरुंद. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला समुद्र. आणि हा गृहस्थ खांद्यावर लोखंडी नळी घेऊन, रस्ता बापजाद्यांचा असल्यासारखा मधोमध चाललेला! शेवटी ती भिंतीकडून सायकल काढायला गेली आणि थेट डबक्यात बसली. पायावर पाणी उडालं तसा तो वळला.

"कान आहेत की नाहीत तुम्हाला?" ती कडाडली.

तो वळला. तिच्या ओठांकडे बघत हसला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आहेत की! दोन आहेत! शोभेला!"

तिची अशी काही फजिती झाली की विचारू नका. अर्धं आयुष्य लोकांचे कान तपासण्यात गेलेलं, मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नाव कमावलेलं, आणि ज्याला ऐकू येत नाही त्यालाच घंटी वाजवत बसली होती! त्यानं सायकल एका हातानं उचलून दिली. तिला मात्र वर बघायचा धीर झाला नाही.

आई गेली, शहरातलं घर खायला उठलं, तेव्हा पन्नाशीला टेकलेली ही बाई वर्षाची बिनपगारी रजा टाकून या बंदराच्या गावात आली होती. "ताई, या वयात नवं गाव? डोकं फिरलंय का?" धाकट्या भावानं विचारलं होतं. असेलही फिरलं. गावातल्या छोट्या दवाखान्यात तिला एक खोली मिळाली आणि महिन्याभरात सगळे तिला 'कानाच्या बाई' म्हणू लागले.

रस्त्यावरचा तो माणूस बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. आयुष्यात कधी बोट चालवली नाही, तरी गाव त्याला 'कप्तान' म्हणे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. कानाच्या बाईंनीच मागे लागून त्याला तपासणीला बोलावलं. काचेपलीकडच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. "आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असला तरी."

त्यानं एकही आवाज चुकवला नाही. तिनं कागद पाहिला, मशीन पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. हा तर कुत्र्यापेक्षा तिखट कानाचा!

"खरं सांगा. काय करत होतात?"

तो लाजला. "तुमची भुवई... आवाज सोडला की तुमची भुवई जरा उडते. डावी."

"माझी?"

"थोडं कमी ऐकू येतं एवढंच लोकांना ठाऊक. पूर्ण कळलं तर बहिऱ्याकडे इंजिन कोण देईल, बाई? म्हणून म्हटलं, पास होऊन जाऊ."

ती हसली खरी, पण आतून पार हलली. इतकी वर्षं हे काम करत होती, आपली भुवई उडते हे तिला ठाऊक नव्हतं. इतकं निरखून तिच्याकडे कुणी कधी पाहिलंच नव्हतं... तिनं त्याची खुर्ची फिरवली, पाठ आपल्याकडे करवली आणि पुन्हा तपासणी घेतली. या वेळी बटण जवळजवळ दाबलंच गेलं नाही.

त्याच्यासाठी मागवलेलं श्रवणयंत्र आलं त्या दिवशी तिनं ते त्याच्या कानात बसवलं आणि हळूच विचारलं, "येतंय ऐकू?"

"असा आहे होय तुमचा आवाज," तो म्हणाला. "बोला ना अजून."

"काय बोलू?"

"काहीही. पाढे म्हणा."

मग ती पाढे म्हणू लागली. बे एके बे, बे दुणे चार. बे पंचे दहाला त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि बे दाही वीस म्हणताना तिला स्वतःलाच रडू फुटलं.

त्यानंतर संध्याकाळी दोघं फिरायला जाऊ लागली. चार पावलं गेली की तो थबकायचा. "हे काय वाजतंय?" वाळकी पानं, तुमच्याच पायाखालची. "आणि हे?" दोरी, डोलकाठीवर आपटतेय. पावसात पत्र्याखाली तो डोळे मिटून उभा राहिला, तेव्हा तीही उभी राहिली. जन्मभर आवाज मोजले, पण असे ऐकले कधी? जग एवढं भरलेलं होतं आणि आपण त्यात आहोत, याचंच तिला नवल वाटत राहिलं. पन्नाशीत एखाद्याचं आयुष्य असं पहिल्यापासून सुरू होऊ शकतं? हो, होत होतं. तिच्या डोळ्यांदेखत.

पण वर्ष सरलं. रुग्णालयानं विचारलं, भावानं फोनवर फर्मावलं, "पुरे आता ताई, परत ये." तिनं कप्तानला सांगितलं. तो 'राहा' म्हणेल म्हणून थांबली. तो नळी पुसत नुसता "बरं" म्हणाला. या वयात आपणहून काय बोलायचं? तिनं बॅग भरली.

सकाळची बोट सुटायच्या बेतात होती. तेवढ्यात धक्क्यावरून तो धापा टाकत पळत आला. घाईत यंत्र घरीच राहिलं होतं. यंत्र आल्यापासून शिकलेलं हळू बोलणं तो पार विसरला.

"जाऊ नका!" तो ओरडला. "काल बोलायला हवं होतं, घाबरलो! मला तुम्ही आवडता! फार आवडता!"

बोटीवर तिकीट फाडणाऱ्याचा हात हवेतच राहिला. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"राहते मी," ती म्हणाली.

त्यानं कानामागे हात धरला. सूर्य तिच्या पाठीशी होता, त्याला ओठ दिसत नव्हते. "काय?"

त्या पहिल्या दिवसानंतर कधी आवाज न चढवलेली ती बाई बेंबीच्या देठापासून ओरडली, "राहते मी! इथंच!"

"काय म्हणता?"

मग बोटीवरच्या साऱ्यांनी, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, कडेवरच्या पोरांनीसुद्धा, हातवारे करत एका सुरात सांगितलं, "राहणार म्हणतायत!"

आली तेव्हा या गावात तिला ओळखणारं एक माणूस नव्हतं. आज तिचं उत्तर अख्खी बोट ओरडून सांगत होती. तिला हसू आलं, रडू आलं, आणि बॅग तिथंच टाकून ती धक्क्यावर उतरली.